पुलीची चावी

गाडी आमच्याकडे आली ती मुलीच्या छातीपायी, हौस म्हणून नाही. हे आधीच सांगते, कारण नातेवाईक अजून बोलतात की चाळीत राहतात आणि ह्यांना गाडी पाहिजे.

मुलगी चालायला लागली आणि तिची छाती वाजायला लागली. नाक गळलं की दुसऱ्या दिवशी श्वास लागायचा, बरगड्यांच्या मधलं कातडं आत ओढलं जायचं, गळ्याखाली खड्डा पडायचा आणि आतून शिट्टी. बारीक. डॉक्टरीणबाई बोलल्या, बाळदमा आहे, मोठी झाली की बहुतेक जाईल, पण तोपर्यंत असा श्वास लागला की घरी वाट बघत बसायचं नाही, उचलायची आणि आणायची, आम्ही वाफेचं मशीन लावतो. उचलायची आणि आणायची. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

मग एका सकाळी लागलाच. हे कामावर, आमच्या लालबागच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवलेला, आत वाहन येत नाही, मोठ्या रस्त्यावर आले तर एक टॅक्सी नाही, मी तिला खांद्यावर उभी धरली आणि परळपर्यंत पळत गेले. अनवाणी. पायात चप्पल नाही हे मला हॉस्पिटलच्या फरशीवर कळलं. ती बरी झाली, मशीन लावल्यावर तिच्या गालावर रंग आला, तिने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं, पण जी भीती बसली ती बसलीच. भांडी घासताना नळ बारीक वाजला तरी मी तसेच साबणाचे हात घेऊन तिच्या अंथरुणाकडे जायची.

म्हणून गाडी. हे एका कंपनीच्या टेम्पोवर ड्रायव्हर, पार्सलं पोचवतात, तिथल्या साहेबांनी नवीन गाडी घेतली आणि जुनी ह्यांना दिली. पांढरी, चार दरवाज्यांची, मागच्या सीटला भोक पडलेलं त्यातून पिवळा स्पंज दिसायचा. सासूबाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, चाळीतल्या सगळ्यांना पेढा. मी काय केलं तर मागच्या सीटवर मुलीला मांडीवर घेऊन बसून बघितलं, तिला उभं धरता येतं का, डोकं छताला लागतं का. श्वास लागला की आडवी धरायची नाही. डोकं छताला लागत नव्हतं. मग मी पेढा खाल्ला.

पण त्या गाडीला एक आवाज होता. चालू केली की बॉनेटमधून चीं करून ओरडायची, मग जरा बारीक व्हायची, चढ लागला की परत. हे बोलायचे पट्टा ओरडतो, जुन्या गाड्या ओरडतातच. सगळ्यांना तो आवाज नुसता आवाज होता. मला तसं नव्हतं. मुलीची शिट्टी आणि गाडीची शिट्टी सारखीच, एकदम सारखी, आणि गाडीत बसलं की मला कळायचं नाही कोण वाजतंय. मी तिच्या पाठीला कान लावून बसायची. खड्डा आला की तिच्या मणक्यावर माझं कानशील आपटायचं, ती रडायची, रडली की श्वास अजून वर. सासूबाई पुढच्या सीटवरून बोलायच्या, "काय गे सारखी तिला चिकटतंस, मोकळी सोड जरा, गुदमरवशील." त्या मालवणकडच्या, रागावल्या की तिकडचं येतं तोंडात. मी सोडायची. दोन खांबांपुढे परत कान लावायची.

शेवटी मी ह्यांच्या मागे लागले, आवाज काढून आणा, नाहीतर मी नाही बसत ह्या गाडीत. बायको कटकट करते म्हणून ह्यांनी नायगावच्या बाजूला एका गॅरेजला गाडी टाकली आणि कामाला गेले, मला बोलले औषध आणायला जाशील तेव्हा विचार झाली का.

मेकॅनिक हिंदी बोलणारा, वयस्कर, दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे. त्याने ह्यांना फोन लावला होता पण हे टेम्पोवर, उचलला नव्हता. मग मीच समोर आले तर मलाच बोलावलं, या भाभी, देखो. मी मुलीला कडेवर घेऊन वाकले. इंजिनाच्या बाजूला खाली एक चाक, बशीपेक्षा थोडं मोठं, मधे खाच, खाचेत पट्टा. ही पुली. इंजिन फिरलं की पुली फिरते, पुलीवरून पट्टा फिरतो, पट्टा पाण्याचा पंप फिरवतो आणि ते पाणी इंजिन गार ठेवतं. एवढं त्याने हात फिरवून फिरवून मला सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, आणि मला राग नाही आला, कारण मला समजत होतं. मग त्याने ती पुली दोन्ही हातांनी धरून हलवली. टक टक वाजली. दात पडायला आला की हलतो तशी.

"पुली की चाबी घिस गई है भाभी," तो बोलला. "पट्टे का कसूर नहीं."

चाबी म्हणजे काय तेही त्याने सांगितलं. पुली इंजिनाच्या दांड्यावर बसते, दोघांच्या मधे लोखंडाचा एक छोटा तुकडा अडकवलेला असतो, म्हणून दांडा फिरला की पुली पण फिरते. तो तुकडा म्हणजे चाबी. ती झिजली, पुलीचं भोक पण झिजून मोठं झालं, म्हणून पुली वाकडी फिरते आणि पट्टा ओरडतो. नवीन पुली, नवीन चाबी ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून आणावी लागेल. तोपर्यंत गाडी लांब न्यायची नाही. तुकडा तुटला की पट्टा थांबणार, पाणी थांबणार, इंजिन उकळणार. मी एवढंच विचारलं, रस्त्यात तुटेल का. तो हसला.

"रस्ते में ही टूटेगी ना. खडी गाडी में काहे को टूटेगी?"

मी नववीत असताना शाळा सुटली. लिहिताना माझ्या वेलांट्या चुकतात, पण ऐकलेलं मी विसरत नाही. नायगावहून लालबागला येईपर्यंत मी तोंडातल्या तोंडात म्हणत आले, पुलीची चावी घासली, गाडी लांब न्यायची नाही. पुलीची चावी घासली, गाडी लांब न्यायची नाही. मुलीला वाटलं मी तिला गाणं म्हणते, ती माझ्या खांद्यावर ताल धरत होती.

आता घरातलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे सासरे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडेपर्यंत त्यांनी पट्टे आणि पुल्याच केल्या. अख्ख्या घरात गाडीच्या त्या चाकाबद्दल कुणाला कळणार असेल तर बाबांना. आणि बाबांशी मी बोलत नाही. भांडण नाही काही. आमच्या घरात सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही, कुणी मनाई केलेली नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई बोलल्या होत्या, बाबांना काय सांगायचं झालं तर मला सांग, बस. तेव्हापासून सगळं त्यांच्यातून जातं. चहा झालाय हे पण. दुसरं असं की मशीनच्या आवाजात बाबांचे कान गेले, एकाने काहीच नाही, दुसऱ्याने ओरडून सांगितलं तर थोडं. म्हणजे माझं बोलणं पहिलं सासूबाईंत शिरणार, तिथून ओरडत बाहेर येणार आणि त्यांच्या एका कानात जेवढं मावेल तेवढं पोचणार.

बाबा जेवत होते. मी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभी, सासूबाई वाढत होत्या. मी बोलले, आई, बाबांना सांगा, मेकॅनिक बोलला पुलीची चावी घासलीय, गाडी लांब न्यायची नाही. सासूबाईंनी वाकून त्यांच्या चांगल्या कानात ओरडून सांगितलं, "पुलीची चावी घासली म्हणता!"

बाबांनी वर बघितलं. "पोळी?" ते बोलले. "पोळी कित्याक आज? सण आसा काय?"

आमच्याकडे रोजची ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची, होळीला. सासूबाई हसायला लागल्या, हसता हसता भाताचा चमचा त्यांच्या हातातून सुटला, बाजूच्या खोलीतली वहिनी दारात डोकावून विचारते काय झालं, तिला सांगून परत हसल्या, पोळी म्हणतात बघा, पोळी. मी पण हसले. हसायलाच लागतं. मग बोलले, आई, परत सांगा ना, पुली, चाक असतं गाडीत. सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना समजेल असं सोपं करून सांगितलं. त्यांच्या बाजूने त्यांनी चांगलंच केलं.

"गाडीची चावी हो, गाडीची! खराब झाली!"

"मगे नवीन करून घ्या," बाबा बोलले. "पुलाखाली चावीवालो बसता."

झालं. ते परत भात कालवायला लागले. मी तिथे उभी. माझ्या तोंडात पुली होती, ती मी गिळली.

संध्याकाळी हे आले ते नवीन चावी बोटात फिरवतच आले. सासूबाईंनी ह्यांना फोन करून सांगितलं होतं. गाडीची एक जास्तीची चावी ह्यांच्याकडेच असायची, तिच्यावरून नवीन करून घेतली, मग गॅरेजवर गेले तर मेकॅनिक नमाजाला गेलेला, गाडी बाहेरच उभी, नवीन चावी लावली, पहिल्या झटक्यात चालू, गाडी घेऊनच आले. हे खूश. मेकॅनिकचा परत फोन येत होता तो ह्यांनी घेतलाच नाही, बोलले काम न करता पैसे मागायला करत असेल. मी बोलले, अहो ती ही चावी नाही, पुलीची चावी. हे सासूबाईंकडे बघून बोलले, "पुलीला कुठे कुलूप असतं गं आई?"

परत हसणं. मी सांगायला गेले, लोखंडाचा तुकडा असतो, दांडा असतो, पुली हलते दातासारखी, मी स्वतः बघितली. हे बोलले, मी इतकी वर्षं टेम्पो चालवतो, मला शिकवू नको. आणि खरं सांगू, ते इतक्या सहज बोलले ना, की मलाच वाटायला लागलं माझं काही चुकलं असेल. तो हिंदीत बोलत होता. मुलगी किरकिरत होती. ह्यांचं रोजचं काम गाडीचं आहे, मी कोण. तरी दुसऱ्या दिवशी मी कपडे धुताना मुद्दाम मोठ्याने बोलले, बाबा पॅसेजमध्ये पेपर वाचत होते, त्यांना ऐकू जावं म्हणून, की ती पुली कधी बदलणार बाई. बाबांनी पान उलटलं. सासूबाई आतून आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, ओरडून बोलू नको, चाळ आहे, लोकांना वाटेल आमच्यात भांडणं आहेत.

आवाजाचं म्हणाल तर तो पण गेला. ह्यांच्या टेम्पोवरच्या एकाने सांगितलं, सुका साबण घास पट्ट्यावर. ह्यांनी कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन पट्ट्यावर घासली, गाडी चालू केली, एकदम गप्प. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आता तरी समाधान झालं का. मी हो बोलले. आणि मला बरं पण वाटलं, हे लपवत नाही. गाडीत शांत झालं. मुलीचा श्वास मला सरळ ऐकू यायला लागला.

मग ठाकूरद्वारचं बारसं. ह्यांच्या मावशीच्या घरी, वाडीतलं जुनं घर, सगळे गाडीतून गेलो, हे चालवायला, बाजूला बाबा, मागे सासूबाई, मी, मुलगी. निघताना मी ह्यांना बोलले, लांब आहे. हे बोलले ठाकूरद्वार काय दिल्लीला आहे. तिथे खोली लहान, माणसं खूप, पाळण्याभोवती धूप घातलेला, ऊद, निखाऱ्यावरचा तो दाट पांढरा धूर. मी मुलीला घेऊन गॅलरीत गेले. परत आत बोलावलं, पाच बायकांत पाळण्याखालून बाळ द्यायचं असतं, तू ये. मुलीला कुणीतरी घेतलं आणि धुरात बसवलं. मी बाळाला गोविंद घ्या गोपाळ घ्या करत होते आणि माझे डोळे मुलीच्या गळ्याकडे. खड्डा पडायला लागला होता.

निघालो लगेच. म्हणजे मला लगेच पाहिजे होतं, त्यांना पान सुपारी, ओटी, पिशव्या. जिना उतरताना ती खोकायला लागली. गाडीत बसलो तेव्हा शिट्टी चालू झाली होती आणि ह्या वेळी गाडी गप्प होती, त्यामुळे कोण वाजतंय ह्यात काही शंकाच नव्हती. ऑपेरा हाऊसवरून गेलो. दोन्ही बाजूला गाड्यांच्या सामानाची दुकानं, उघडी, दारात टायर, पट्टे अडकवलेले दोरीवरच्या कपड्यांसारखे, आणि आमची गाडी त्यांच्या समोरून चालली होती. बोलून काय सांगणार, थांबा, पुली घेऊ?

सातरस्त्यापर्यंत ठीक. तिथून पुढे चिंचपोकळीचा पूल चढायला लागलो आणि ह्यांच्या समोर लाल दिवा लागला. हे बोलले काय झालं ह्याला. मग करपल्यासारखा वास. मग कट्ट असा आवाज, काहीतरी मोडल्यासारखा, लहानच, आणि पुलाच्या मधोमध बॉनेटमधून वाफ. हे उतरले. मागून हॉर्न, बसवाला शिव्या देतोय, हे फडक्याने बॉनेट उघडतायत. बाबा पण उतरले, त्यांनी एकदा आत वाकून बघितलं, आणि त्यांचा हात पुढे गेला आणि तसाच थांबला. मी मागच्या काचेतून त्यांचं तोंड बघितलं. त्यांना कळलं होतं. त्या क्षणाला कळलं होतं.

मला तिथे थांबायचं नव्हतं. मी मुलीला उभी धरून उतरले आणि हात करत सुटले. एक टॅक्सी थांबली, किधर, मी परळ बोलले, तो नजदीक है, नहीं जाएगा बोलून गेला. दुसरा तर थांबला पण नाही पूर्ण, परळ ऐकलं आणि निघाला. मुलगी आता रडत पण नव्हती, रडायला हवा लागते. शेवटी एका भाजीच्या टेम्पोवाल्याने स्वतःच विचारलं, बाळाला काय झालं ताई, आणि मी त्याच्या बाजूला चढले, पायाशी कोथिंबिरीच्या जुड्या. सासूबाई मागून हाक मारत होत्या, थांब, मी पण येतंय. मी थांबले नाही. अजून बोलतात त्या, मला पुलावर टाकून गेली.

हॉस्पिटलात मुलीला आत घेतलं, तोंडाला मास्क लावला, मशीन घर्र करायला लागलं. त्या वेळी तिला तिथे ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, इतका उशीर का केला. मी काय सांगणार होते. पोळी?

हे आले, घामाने भिजलेले, मुलीच्या केसांवरून हात फिरवला, रडले पण. आणि मग बाहेरच्या बाकावर बसल्यावर बोलले, "तू नीट सांगितलं असतंस तर ही वेळ आली नसती." सासूबाई बोलल्या, हिने चावी म्हटलं, आम्ही चावी केली, आम्हाला काय माहीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. ह्यांना पण. जेवतानाची पोळी सगळ्यांना आठवत होती, हसले होते ना, पण त्याच्या आधीचा शब्द कुणालाच नाही.

मुलगी घरी आली. गाडी ओढून नायगावच्या गॅरेजला नेली होती, हे ऑपेरा हाऊसहून पुली आणि पट्टा घेऊन आले आणि बाबा बोलले मी तिथे बसतो, काम बघतो. सासूबाईंनी मला त्यांचा डबा घेऊन पाठवलं. मी मुलीला घेऊन गेले, तिला एकटी सोडायची माझी हिंमतच नव्हती.

बाबा स्टुलावर, मेकॅनिक गाडीच्या बाजूला उकिडवा. त्याने तीन पायांचं एक अवजार पुलीला अडकवलं आणि मधला बोल्ट पिळत गेला, पुली किरकिरत बाहेर आली. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं झालेलं. मग त्याने चिमट्याने दांड्यातून तो तुकडा काढला. अर्ध्या चंद्रासारखा, वरची बाजू कापल्यासारखी गेलेली. तो त्याने बाबांच्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे मान करून बोलला, भाभी को मैं उसी दिन बताया था, चाबी गई है.

ते त्याने ओरडून सांगितलं, बाबांचा कान त्याला एका दिवसात कळला होता.

बाबांनी तो तुकडा अंगठ्याने फिरवला. खूप वेळ. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा सरळ माझ्याकडे, आणि विचारलं, "तू चावी कसली सांगितलेलीस?"

मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेले. तोंड जवळ नेलं. "पुलीची चावी, बाबा. पुली बोलले मी. तुम्ही पोळी ऐकलं."

त्यांनी मान हलवली. ते बोलले गिरणीत ह्या चाव्या ते कानशीने घासून बसवायचे, जरा सैल राहिली तर दांडाच खराब व्हायचा. पुली ऐकलं असतं तर मी गाडी हलवू दिली नसती, असं पण बोलले. आपल्याशीच बोलल्यासारखे. मला वाटलं चला, कुणाला तरी कळलं, आता बाबा घरी जाऊन सांगतील. मेकॅनिकने दांडा तेलाच्या फडक्याने पुसला, नवीन चावी खाचेत ठेवून लाकडाच्या हातोडीने हळू ठोकली, वर नवीन पुली सरकवली, बोल्ट आवळला, पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून बघितला. गाडी चालू केली. काही आवाज नाही. चाक सरळ फिरत होतं, इतकं सरळ की फिरतंय की उभं आहे कळत नव्हतं.

बाबांनी डबा उघडला. पहिला घास घ्यायच्या आधी बोलले, "घरात काय बोला नको. तुझ्या सासूक वायट वाटात."

मी हो बोलले. सवय.

तेव्हापासून मुलीच्या पाठीला कान लावायची गरज नाही, गाडी इतकी शांत चालते. आणि तेव्हापासून ती गोष्ट पण चालते. जो येईल त्याला सासूबाई सांगतात, मनात काही न ठेवता, गमतीने सांगतात, आमच्या सुनेची गंमत ऐका, गाडीची पुली मोडली आणि हिने घरी सांगितलं चावी, आम्ही बिचारे चावी करून आणली. पाहुणे हसतात, मला बोलतात, काय गं तू पण. हे बोलतात, जाऊ दे, तिला काय कळणार त्यातलं. मुलीच्या वाढदिवसाला पण सांगितली. बाबा तिथेच खुर्चीत, हातात केकची बशी, सासूबाई त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. मी सरळ त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता. त्यांनी पाणी मागितलं, ते पण सासूबाईंकडे.

मला त्यांचा राग सगळ्यात जास्त येतो. ह्यांना कळलंच नाही, सासूबाईंना कळलंच नाही, त्यांच्यावर काय रागवायचं. बाबांना सगळं माहीत आहे आणि ते जेवतात, पेपर वाचतात, मुलीला घोडा घोडा करतात. ती त्यांच्या पाठीवर हसते. मी दारात उभी राहून तिचा श्वास मोजते आणि त्यांना बघते.

थंडी पडली आणि तिला परत लागला. सकाळची वेळ, हे घरीच होते. हे लगेच उठले, बोलले थांब, गाडी काढतो, आता काय टेन्शन नाही, पुली नवी आहे. बाबा पण उठून उभे राहिले, माझ्याकडे बघून बोलले, गाडी जाईल, काही होणार नाही. खरं असेल. गाडीतलं त्यांना कळतंच. पण मी तोपर्यंत मुलीला उचलून जिना उतरायला लागले होते. सासूबाई वरून, कठड्यावरून, काय झालं, कुठे चाललीस, गाडी असताना. मी वर बघितलं नाही. कुणाला काही सांगितलं नाही.

मोठ्या रस्त्यावर टॅक्सी थांबली. काच खाली करून त्याने विचारलं किधर.

"माटुंगा," मी बोलले.

परळच्या पुढचं, लांबचं भाडं. त्याने मान हलवली, मी आत बसले, दरवाजा ओढून घेतला, मुलीला उभी धरली. गाडी चालायला लागल्यावर परळ सांगितलं. तो खूप बोलला मला, पहले बोलना चाहिए था ना, झूठ काहे को बोला. बोलू दे. परळ येईपर्यंत बोलत होता.